आखाजीच्या आदल्या रात्री आलेली काळी गाडी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुपारी चार वाजता आप्पा शिरपूरहून गाडी घेऊन धुळ्याच्या आमच्या गाड्या पॉलिश करायच्या शेडवर आले. काळी सेडान, सहा वर्षं वापरलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुतणीचं लग्न, सकाळी नऊला गाडी फुलवाल्याकडे पोचायला हवी. आप्पांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि एकच वाक्य बोलले, "भाऊ, माले सकायले गाडी जोयजे, आरशासारखी."

हे काम मी जरा तपशिलात लिहून ठेवतोय. काळी गाडी आणि घाई हे दोन्ही एकत्र आले की आपल्याकडे हमखास लोकरीचं पॅड लावून रबिंग होतं. तासाभरात गाडी चमकते आणि दुसऱ्या दिवशी उन्हात तिच्यावर जाळं दिसायला लागतं. या गाडीचं तेच झालेलं होतं, दोन वर्षांपूर्वी, एका ठिकाणी, आणि तेही लग्नाच्याच घाईत.

गाडी उन्हातच उभी होती, त्यामुळे टॉर्च लावायची गरज पडली नाही. बॉनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा. मी दोन पावलं डावीकडे सरकलो, जाळंही माझ्याबरोबर सरकलं. आप्पांना हेच आधी दाखवलं, कारण लोकांना वाटतं की ओरखडे खरोखरच गोल असतात. तसं नसतं. ओरखडे असतात सरळ, वेडेवाकडे, सगळ्या दिशांना. उजेडाला आडवी असलेली रेघ तेवढी चमकते, बाकीच्या दिसत नाहीत, म्हणून उजेडाभोवती गोल तयार होतो. रोज काथ्याने घासलेलं स्टीलचं ताट उन्हात धरून बघा, त्यातही अशीच वर्तुळं दिसतील.

पांढऱ्या गाडीवरही एवढेच ओरखडे असतात. ओरखड्याची कड पांढरा उजेड उधळते, तो पांढऱ्या रंगात मिसळून जातो. काळ्या रंगावर मात्र त्या उधळलेल्या उजेडाला लपायला जागाच नसते. काळा रंग मुळातच नाजूक असतो म्हणून जाळं दिसतं, हा समज मला बऱ्याच वेळा खोडून काढावा लागतो.

गोल जाळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. मान तिरकी करून बॉनेट पाहिलं की लाटांसारखे चकाकते पट्टे दिसत होते, जिथून मशीन फिरलं तिथून तिथपर्यंत. ही रोटरी मशीनची खूण. एकाच अक्षावर गरागरा फिरणारं पॅड आणि जाड कंपाउंड, म्हणजे थर कापणारी खरखरीत पेस्ट, वर शेवटचं मऊ पॉलिश वगळलेलं. म्हणजे गाडीवर दोन थरांचं नुकसान होतं: एकदाच्या रबिंगचं आणि रोजच्या पुसण्याचं.

रोजच्या पुसण्याबद्दल ड्रायव्हरदादांना विचारलं. त्यांनी डिकीतून झटकणी आणि एक जुनं बनियन काढून दाखवलं. गाडी रोज सकाळी कोरडीच झटकायची, मग फडक्याने पुसायची. गाडी धूळ खाते ती आग्रा रोडवर आणि शेताच्या रस्त्यावर. त्या धुळीत वाळूही असते, आणि वाळूचे बरेच कण क्वार्ट्‌झचे असतात, त्यांचा कठीणपणा खनिजांसाठीच्या मोह्‌स मापावर ७. काचेला ओरखडा काढू शकणारी ती चीज, आणि तिच्यापुढे रंगावरचा पारदर्शक थर म्हणजे प्लॅस्टिकच. ड्रायव्हरदादा मनापासून गाडी सांभाळत होते, रोज न चुकता, म्हणूनच ओरखडे रोज वाढत होते. त्यांना दोष द्यावा असं काही नव्हतं, कोणी सांगितलंच नव्हतं.

मोजमाप आणि वेळेचा हिशोब

सगळ्यात आधी रंगाची जाडी मोजली. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे, ओरखड्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या पातळीपर्यंत खाली आणणं. हा वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. तुमच्या डोक्याचा एक केस त्यापेक्षा जाड भरेल. एकदा पॉलिश केलं की त्यातले एक-दोन मायक्रॉन जातात, जाड कंपाउंडने त्याहून जास्त. आमचं मीटर एकूण जाडी दाखवतं, क्लिअर कोट वेगळा दाखवत नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालतच नाही. तरी पत्र्यावर अंदाज बांधता येतो.

बॉनेट १०५ ते ११५ मायक्रॉन. दारं तशीच. मागचं डावं दार २४० च्या आसपास, म्हणजे ते पुन्हा रंगवलेलं, आणि आप्पांनी मान डोलावली, बैलगाडीची दांडी लागली होती म्हणे. छतावर मात्र आकडा ८४ वर आला. सहा उन्हाळे खाल्लेलं छत, वर दोन वर्षांपूर्वीचं रबिंग. ऊन अडवणारी द्रव्यं क्लिअर कोटमध्येच असतात, थर जितका पातळ तितकं संरक्षण कमी. छतावर कापणारं काहीही लावायचं नाही हे तिथेच ठरलं. वेळ हातात असता तरी हेच ठरलं असतं.

मग वेळ. मी काळी गाडी दीड फुटाच्या चौकोनांमध्ये मोजतो. बॉनेटचे ६, छताचे ६, डिकीचे ३, चार दारांचे ८, पुढच्या दोन मडगार्डांचे २, मागच्या बाजूंचे ४, दोन बंपरांचे ६. एकूण ३५. पूर्ण काम करायचं म्हणजे आधी कंपाउंड, मग बारीक पॉलिश. पहिल्याला एका चौकोनाला सात मिनिटं, दुसऱ्याला पाच. बारा गुणिले पस्तीस, सात तास नुसत्या मशीनचे. छत सोडून फक्त एकच पायरी केली तर २९ चौकोन, पाच-पाच मिनिटं, अडीच तासांच्या आत.

या पाच मिनिटांत मशीन पुरे तीन मिनिटंही चालत नाही. बाकीची दोन मिनिटं पॅड साफ करण्यात, पुसण्यात आणि टॉर्चने बघण्यात जातात. घाईत लोक हीच दोन मिनिटं खातात. मशीन कितीही जोरात फिरवलं तरी वेळ फारसा वाचत नाही, आणि ही दोन मिनिटं कापली की जाळं नक्की. काळ्या गाडीवर लवकर सुटायचं असेल तर काम कमी करायचं: एक पायरी वगळायची, एक पत्रा वगळायचा, खोल ओरखडे वगळायचे. हाती घेतलेला चौकोन मात्र पुरा करायचा.

आप्पांना हे सांगताना त्यांचा चेहरा थोडा उतरला. "म्हणजे सगळं नाही निघणार?" मी म्हटलं, "आप्पा, जाळं जाईल, पट्टे जातील. किल्लीने ओढलेली रेघ आणि डिकीवरचा कावळ्याच्या विष्ठेचा डाग राहील." विष्ठेत आम्ल असतं आणि तापल्या पत्र्यावर ते थरात मुरतं. तो खड्डा काढायला जेवढा थर खरवडावा लागला असता तेवढा एका लग्नासाठी द्यायला मी तयार नव्हतो. आप्पा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तू म्हणशीन तसं."

धुणं

गाडी शेडमध्ये घेतली, दोन्ही शटर उघडी ठेवली, आणि चहा घेतला. दुपारी चारला धुळ्यात बॉनेटवर तळहात ठेवता येत नाही. तापल्या पत्र्यावर पाणी मारलं तर आपल्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग क्षणात बसतात आणि शांपू तिथेच सुकतो. पावणेसहाला पत्रा हाताला कोमट लागला, तेव्हा सुरुवात केली.

आधी नुसतं पाणी, लांबून, वरून खाली. मग फेस. फेस पाच मिनिटं ठेवून धुऊन टाकला, तेव्हा शेडच्या नाल्यातून पाणी काळंभोर वाहत होतं. एवढं सगळं गाडीला हात न लावता निघालं, हेच मला हाताखाली काम शिकणाऱ्या भाच्याला दाखवायचं होतं. हात लावायची वेळ त्यानंतर. दोन बादल्या, एकीत शांपू, दुसरीत साधं पाणी, मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा. प्रत्येक पत्र्यानंतर मिट साध्या पाण्यात खळखळून मगच शांपूत. छत आधी, दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण चिखल आणि वाळू तिथे असते.

शेवटचं पाणी पिण्याच्या वीस लिटरच्या जारचं, दोन जार. बोअरच्या पाण्यात क्षार इतके की गाडी पुसेपर्यंत थेंबाथेंबाची गोल खूण उमटते. जार महाग पडतात, पण काळ्या गाडीवर ते खड्यासारखे क्षार पुसून काढण्यापेक्षा स्वस्तच.

मग हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवला. पिशवीतून खरखर जास्त कळते. बॉनेट गुळगुळीत, दारांच्या खालच्या पट्ट्या आणि डिकीचा मागचा भाग खरखरीत, तेवढ्याच ठिकाणी क्ले लावली, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी. क्ले स्वतःच बारीक रेघा काढते, म्हणून गरज नसलेल्या जागी ती फिरवत नाही. प्लॅस्टिकच्या कडा, रबर आणि पत्र्याच्या धारदार कडांना कागदी टेप. कडेवर थर सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा सगळा भार एका रेघेवर येतो.

चाचणीचा चौकोन

साडेसातला पुढच्या डाव्या दारावर एक चौकोन घेतला. मशीन डीए (ड्युअल ॲक्शन), म्हणजे पॅड फिरताफिरता डोलणारं, १५ मिलिमीटरच्या फेऱ्याचं, पाच इंची पॅड. रोटरी मी त्या दिवशी कपाटातून काढलंच नाही.

पहिल्यांदा सगळ्यात मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश. जाळं निम्मं गेलं, पट्टे तसेच. मग मधल्या कठीणपणाचा फोम आणि तेच पॉलिश. पट्टे गेले, जाळं माझ्या डोळ्याच्या अंदाजाने बारा आणे गेलं, चमक खोल. उत्सुकतेपोटी बाजूच्या वीतभर जागेत मायक्रोफायबर पॅड आणि कंपाउंडही लावून पाहिलं. ओरखडे जवळजवळ सगळे गेले, पण टॉर्चखाली काळ्यावर पिठाचा हात फिरवल्यासारखा धुरकटपणा आला. तो काढायला दुसरी पायरी लागणारच. वेळेच्या हिशोबात ती बसत नव्हती. मधला फोम आणि बारीक पॉलिश हे ठरलं, आणि धुरकट झालेली वीतभर जागा त्यानेच साफ करून घेतली.

बघायला आम्ही दोन उजेड वापरतो. शेडच्या ट्यूबलाइटखाली गाडी नेहमीच चांगली दिसते, त्यावर विश्वास ठेवू नये. छोट्या एलईडी टॉर्चचा एकच टोकदार उजेड सूर्याच्या सगळ्यात जवळ जातो. आणि बघण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक भाग अल्कोहोल चार भाग पाणी, भरपूर फवारून अलगद टिपायचं. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून तो झाकतं, ते निघालं की खरं काय ते दिसतं.

रात्रीचं काम

आठ वाजता मशीन सुरू. कोरड्या फोमवर पहिल्या वेळी हरभऱ्याएवढे पाच थेंब, नंतर प्रत्येक चौकोनाला तीनच. वेग सहापैकी चार. हात सेकंदाला दोन-तीन इंच, आडवे दोन फेरे, उभे दोन, प्रत्येक ओळ आधीच्या निम्म्या ओळीवर. मशीनच्या पॅडखालच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवली होती. डीएवर जोर दिला की पॅड फिरायचं थांबतं, नुसतं थरथरतं, आवाजही तसाच येत राहतो आणि कारागिराला कळत नाही. रेघ फिरताना दिसली की समजायचं पॅड काम करतंय. भाचा नवीन आहे, त्याला मी सांगितलं, "माझ्याकडे नको, त्या रेघेकडे बघ."

प्रत्येक चौकोनानंतर कॉम्प्रेसरच्या हवेने पॅड झाडायचं, शेडच्या बाहेर जाऊन. तीन चौकोनांनंतर पॅड बदलायचं. दहा पॅड घेऊन बसलो होतो. पॅडमध्ये निघालेला थर आणि सुकलेलं पॉलिश साठतं, आणि तेच पुढच्या चौकोनावर घासलं जातं. पॅडवर काळं काहीच येत नव्हतं, पांढरट राखाडीच, यावरून आप्पांना दाखवता आलं की आपण वरच्या पारदर्शक थरातच आहोत. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या काळ्या रंगावर पॅड पहिल्याच फेऱ्यात काजळासारखं काळं होतं.

बॉनेट, डावी बाजू, डिकी, दहापर्यंत सुरळीत. आप्पा खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या पुतणीच्या लग्नाच्या गोष्टी, आमरसाला किती पेट्या आंबा आणला, झाडाला झोका कोणी बांधला, हे सगळं मशीनच्या आवाजात तुटक तुटक ऐकू येत होतं.

सव्वादहाला उजव्या पुढच्या दारावर टॉर्च मारला आणि थांबलो.

तीन-चार रेघा, अगदी बारीक, उभ्या, एकमेकींना समांतर. जाळं गेलेल्या स्वच्छ काळ्यावर त्या आणखी उठून दिसत होत्या. मशीन अशा रेघा काढत नाही. डीएचा ओरखडा बारीक वेटोळ्याचा असतो, डुकराच्या शेपटीसारखा, आणि रोटरीचा लाटेसारखा. सरळ समांतर रेघ म्हणजे हात. दारावर आपण वरून खाली पुसतो. मी भाच्याच्या हातातला टॉवेल मागितला.

टॉवेल स्वच्छ धुतलेला, मऊ. टॉर्चखाली एकेक पदर उलगडून बघितला, तर एका कोपऱ्यात, कापडाच्या लवेत घट्ट अडकलेला, तिळाएवढा तपकिरी कण. नखाने काढला, बोटांत चोळला, टणक. कापसाच्या वाळक्या बोंडाच्या टरफलाचा तुकडा. आमच्या शेडमागे शेत आहे. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून बांधावर ढीग घातला होता, आणि चैत्र-वैशाखातला वारा म्हणजे काय ते खान्देशात सांगायला नको. भाच्याने सकाळी टॉवेल धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातले होते. मायक्रोफायबरचे चिरलेले धागे धूळ पकडायलाच बनलेले असतात, त्यांनी वाऱ्यावरचा कचराही तितकाच घट्ट पकडला.

भाचा रडवेला झाला. "मामा, मी तर दोनदा धुतले." खरंच धुतले होते, चूक वाळवण्यात होती, आणि दोरी तिथे बांधलेली माझीच. दोरीवरचे सगळे टॉवेल बाजूला काढले. कपाटात झाकणाच्या स्टीलच्या डब्यात नवे बारा होते, ते काढले. चौपदरी घडी घातलेल्या टॉवेलला आठ बाजू मिळतात, एका चौकोनाला एक बाजू, मग ती परत वापरायची नाही. त्या टॉवेलने पुसलेले तीन चौकोन पुन्हा केले, आणि मागे जाऊन डावी बाजू अल्कोहोल मारून परत तपासली. तिथे दुसरा टॉवेल वापरला होता, काही नव्हतं. सगळं मिळून पस्तीस मिनिटं गेली.

पुसण्याची पद्धतही तिथेच बदलली. पॉलिश आधी फवाऱ्याने ओलं करायचं, मग टॉवेल नुसत्या स्वतःच्या वजनाने ओढायचा, दाबायचा नाही. कोरडं पॉलिश जोर लावून निघतं, आणि तो जोरच काळ्या रंगावर उमटतो.

छताला शेवटी झाकणारं ग्लेझ लावलं, सर्वांत मऊ पॅडने, हलक्या हाताने. त्याने ओरखडे जात नाहीत, भरून निघतात, दोन-चार धुण्यांनंतर पुन्हा दिसतात. हे मी आप्पांना स्पष्ट सांगितलं, कारण हेच ग्लेझ पूर्ण गाडीला लावून तासाभरात काम उरकता आलं असतं आणि पॉलिश केलं म्हणून पैसे घेता आले असते. छतापुरतं ते योग्यच होतं.

सिरॅमिक कोटिंग लावा, असं आप्पांचा मुलगा फोनवर म्हणत होता. त्याला पक्कं व्हायला पाण्यापासून लांब किमान एक दिवस लागतो, आणि सकाळी गाडीवर ओली फुलं चढणार होती. साधं स्प्रे सीलंट मारलं. पावणेएक वाजला होता.

फुलं

सकाळी गाडी न्यायला ड्रायव्हरदादा आले, तेव्हा त्यांना एक पेपर टेपचं रीळ दिलं. नवरदेवाच्या आणि नवरीच्या गाड्या सगळ्यात जास्त खराब होतात त्या सजावटीने. चिकटपट्टी थेट रंगावर, झेंडूच्या माळेतली तार पत्र्याला टेकलेली, आणि गाडी आग्रा रोडवर ऐंशीच्या वेगाने. वाऱ्यात माळ फडफडते आणि तार रात्रभर घासते. सांगितलं की माळा दारांच्या आणि डिकीच्या फटीतून आत बांधा, तारेऐवजी सुतळी घ्या, चिकटवायचं असेल तिथे आधी पेपर टेप. पोरं धुळीत बोटाने नावं लिहितात, ते बघा. आणि झटकणी घरी ठेवा. ती मी काढूनच घेतली, त्यांच्या परवानगीने.

सोळा दिवसांनी गाडी परत आली, नुसती दाखवायला. आप्पांनी फोटो आणले होते, बॉनेटमध्ये मांडवाचे दिवे एकेक मोजता येत होते. टॉर्च मारून फिरलो. बॉनेट, दारं चांगली. डिकीवर हातभर लांबीच्या चार-पाच नव्या रेघा होत्या, सुतळीच्या गाठीच्या जागी. मी सुतळी सुचवली, गाठ कुठे यावी ते सुचवलं नव्हतं, गाठ फटीच्या आत घ्यायला हवी होती. छतावरचं ग्लेझ उतरायला लागलं होतं, ठरल्याप्रमाणे. मागच्या उजव्या दारावर थोडं जाळं पुन्हा दिसलं, तिथून लहान मुलं चढतात-उतरतात.

ड्रायव्हरदादांनी डिकी उघडून दाखवली. दोन बादल्या, एक मिट, आणि टॉवेल झाकणाच्या डब्यात. जुनं बनियन आता फक्त चाकांसाठी. त्यांनी विचारलं, बादलीच्या तळाला बसवायची जाळी कुठे मिळते, वाळू खाली राहावी म्हणून. माझ्याकडे एक जास्तीची होती, ती दिली. शेडमागची दोरी मी त्याच आठवड्यात काढून टाकली होती. टॉवेल आता आतल्या खोलीत पंख्याखाली वाळतात.